दोन टोकांचं शिसवी टेबल

धाकट्यांचं वय सत्तरीकडे झुकलं होतं, जिना चढताना गुडघे बिजागरीसारखे वाजत होते आणि नातवंडं कॉलेजात जायला लागली होती; तरी सगळी गल्ली त्यांना 'धाकटे'च म्हणे. याला कारण थोरले. थोरले अजून ठणठणीत होते, आणि थोरला जागेवर असेपर्यंत धाकट्याला मोठं होता येत नाही, मग दाढी कितीही पांढरी होवो.

दोघेही सुतार. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून, पुढं सामायिक अंगण, अंगणापलीकडे दोघांचा एकच कारखाना. आणि दोघांत अबोला.

अबोला म्हणजे अगदीच कडक नव्हे. मोठ्या करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि तिथं कडक अबोला धरला तर कुणाचं तरी बोट जातं. म्हणून 'धर', 'सोड' आणि 'सावकाश' हे तीन शब्द पहिल्यापासून माफ होते. एवढ्या शिदोरीवर दोघा भावांनी अर्धं आयुष्य काढलं. कपाटं केली, पलंग केले, पाळणे केले, एका शाळेची सगळी बाकं केली. गिऱ्हाईक येऊन बघे आणि म्हणे, "काय शांत माणसं आहेत हो!" बाकीचं बोलणं बायकांच्या हवाली होतं. धाकटे आपल्या बायकोला म्हणत, "त्यांना सांग, बारीक रंधा माझा आहे." ती अंगणात जाऊन जावेला सांगे, जाऊ नवऱ्याला सांगे. उत्तर त्याच वाटेनं परत येईपर्यंत त्यात दोन्ही जावांचं स्वतःचं मत मिसळून ते चांगलं मुरलेलं असे. या व्यवस्थेत जावांचं मेतकूट इतकं जमलं होतं की नवऱ्यांनी अबोला सोडला असता तर त्यांची मोठीच अडचण झाली असती.

इतर घरांत भाऊ घरावरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. या दोघांचं भांडण सरसावरून होतं. सरस म्हणजे शेगडीवर वितळवून लाकडाच्या सांध्यात घालतात तो, घरभर घाण वास सोडणारा सरस. एवढ्या चिकट पदार्थानं दोन माणसं एकमेकांपासून सुटावीत, यात खुद्द सरसाचा काही दोष नव्हता. दोष शिसवी लाकडाचा होता.

वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, जाताना मागं एक शिसवीचा ओंडका ठेवला होता. अप्पा फारसे बोलत नसत, पण शिसवीचा विषय निघाला की त्यांना थांबवायला कुणीतरी पाहुणा यावा लागे. शिसवी पाण्यात टाकली तर सरळ तळ गाठते, तरंगण्याचा हलकटपणा तिच्यात नाही, असं ते म्हणत. तिच्यावर एक दिवस काम करायचं आणि अर्धा दिवस हत्यारांना धार लावायची. कापताना खोली गुलाबासारखी घमघमते, पण तोच भुसा नाकात गेला की माणूस संध्याकाळपर्यंत शिंकतो. म्हणजे देताना सुगंध देते आणि किंमतही लगेच वसूल करते. वाळवी तिच्या वाटेला जात नाही. एकदा नीट सुकली की पुन्हा वाकत नाही, फुगत नाही. रंग जांभळट तपकिरी, त्यातून काळ्या रेषा अशा वळत जातात की पॉलिश केलेल्या फळीकडे बघत बसलं तर चहा निवतो. आणि सगळ्यात शेवटी, बोट वर करून, अप्पा म्हणत, "शिसवीत खिळा नाही! ज्याला कुसू आणि खाच बसवता येत नाही त्यानं खिळे ठोकावेत, आणि ते खोक्यांना ठोकावेत."

कुसू म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, आणि खाच म्हणजे दुसऱ्यातलं तिचं तोंड. ती जीभ त्या तोंडात घट्ट बसली की झाला सांधा. तिथपर्यंत दोघा भावांचं एकमत होतं.

तो ओंडका कुणाचा, हा प्रश्न त्यांनी समजुतीनं सोडवला. तो कापून वाटून घ्यायचा नाही, त्याचं एकच मोठं जेवणाचं टेबल करायचं, ते थोरल्यांच्या बैठकीत ठेवायचं आणि दोन्ही घरांनी त्यावर जेवायचं. कारखान्याचं छप्पर तेव्हा उतरवलेलं होतं, म्हणून टेबल बैठकीतच करायला घेतलं. पाय खाचांपर्यंत आले आणि थोरले म्हणाले, "खुंटी मारू."

"सरस लावू," धाकटे म्हणाले.

"शिसवीत तेल असतं. सरस धरत नाही."

"स्पिरिटनं पुसून घेतलं की धरतो."

"आज धरेल. उद्या?"

"खुंटी मारून भोक पाडायचं म्हणजे लाकूड दुबळं करायचं."

यापुढचं संभाषण दोघांनाही शब्दशः पाठ होतं, पण त्यातलं लिहिण्याजोगं काही नाही. अप्पांचं नाव दोघांनीही घेतलं, आणि अप्पा फक्त खिळ्याविषयी बोलले असल्यामुळे ते दोघांच्याही बाजूचे ठरले. शेवटी टेबलाची दोन टोकं वाटून घेतली गेली. खिडकीकडचे दोन पाय थोरल्यांचे: नुसती आरपार ठोकलेली लाकडी खुंटी, सरसाचा थेंब नाही. दाराकडचे दोन पाय धाकट्यांचे: नुसता सरस, खुंटीचं नाव नाही. "बघू कुणाचं टोक आधी हलतं," थोरले म्हणाले, आणि त्यानंतर ते 'धर', 'सोड' आणि 'सावकाश' सोडून काही बोलले नाहीत.

टेबल झालं. त्यावर जेवणं झाली, अभ्यास झाले, थोरल्यांच्या मुलीनं त्यावर बसून दूध सांडलं, धाकट्यांच्या मुलानं त्यावर कंपासनं रेघ ओढायचा प्रयत्न केला आणि कंपास बोथट झाला. धाकटे जेवायला बसले की पाणी घ्यायचं निमित्त करून खिडकीकडे जात आणि थोरल्यांच्या टोकाला सहज कंबर टेकवत. थोरले उठताना दाराकडच्या कोपऱ्यावर हात ठेवून सगळा भार देत. वहिनींना पहिली काही वर्षं वाटलं, दोघांनाही चक्कर येते.

टेबल हललं नाही.

दाराकडचं टोक का हलत नाही, हे मात्र जगात एकट्या धाकट्यांना ठाऊक होतं. सरस लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, थोरले दुपारचे आडवे झालेले असताना, ते टेबलाखाली शिरले होते. सरसावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण बसणारी माणसं घरचीच होती. त्यांनी पायांच्या आतल्या अंगानं गिरमिटानं बारीक भोकं पाडली, एकेक खुंटी मारली, वर शिसवीचंच बूच बसवलं, रेषेला रेषा जुळवली, घासून सपाट केलं आणि हात धुऊन चहा प्यायला गेले. तेव्हापासून "बघा, नुसत्या सरसावर उभंय" हे वाक्य ते जरा मोठ्यानं म्हणत.

अशी ही सुखाची रहाटी चालू असताना थोरल्यांच्या मुलीनं सांगितलं की आई-बाबांना ती आपल्याकडे घेऊन जाणार. दोन्ही घरांतल्या मुलांत ती पहिली, म्हणून घरात सगळे तिला 'मोठी' म्हणत. ती दातांची डॉक्टर. दुसऱ्या शहरात तिचा दवाखाना, दवाखान्यामागंच घर, मागं थोडी बाग. थोरल्यांना आताशा करवत झेपत नव्हती आणि वहिनींना अंगणाची पायरी. सगळं रास्त होतं. धाकट्यांनी बायकोमार्फत कळवलं, "रास्त आहे." आणि दोन दिवस कारखान्यात जाऊन रिकामा रंधा पुसत बसले.

"जा ना, बोला एकदा," बायको म्हणाली. "माणूस चाललंय घरातलं."

"काय बोलू?"

"काहीही. हवापाणी."

"हवापाणी बोलायला भांडण मिटावं लागतं."

"मग मिटवा."

धाकट्यांनी रंध्यावर पुन्हा फडकं फिरवलं. त्यांच्या मनात जे होतं ते बायकोला सांगण्याजोगं नव्हतं. भांडण मिटलं तर दादाशी आपलं उरेल काय? इतकी वर्षं त्या टेबलावर दोघं रोज भांडत होते, फक्त तोंडानं नव्हे, कंबरेनं आणि कोपरानं. तेवढंच तर येणंजाणं होतं.

आणि मग वहिनींनी जाहीर केलं, "टेबल माझ्याबरोबर येणार."

इथं एक गोष्ट उघडकीला आली. टेबल बैठकीतच बनवलं होतं. बैठकीला दार एकच, खिडकीला गज. दाराचं माप टेबल करण्याआधी घ्यायला हवं होतं. थोरल्यांना वाटलं होतं, धाकट्यानं घेतलं असेल. धाकट्यांना वाटलं होतं, दादानं घेतलं असेल. आणि विचारायची वेळ आली तेव्हा दोघांत बोलणं उरलं नव्हतं. हमालांनी टेबल आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. दोन बोटं कमी पडत होती.

"पाय काढा की," हमालांचा म्होरक्या कपाळ पुसत म्हणाला. "ट्रक उभाय बाहेर."

थोरले खिडकीजवळ उभे होते, धाकटे दाराजवळ. म्हणजे आपापल्या पायांजवळ.

"काढायचेच तर काढू," पुतणी म्हणाली. "बाबांनी आणि काकांनीच केलंय ना? त्यांनाच माहीत असणार कसं सुटतं ते."

"त्यात काय!" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींच्या टोकाला तर नुसता सरस आहे. गरम केला की सुटला. रोज ऐकतोय आम्ही."

धाकट्यांनी टेबलावरचा हात काढून घेतला. पाय निघाला तर खुंटी दिसणार. आजपर्यंतचं सगळं मोठ्यानं बोललेलं एका बुचाखाली निघणार, आणि तेही दादा कायमचा निघालेला असताना. नाही म्हणावं, तर का नाही? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरसाची निंदा करायला तोंड उघडलं, पण तोवर जावांनी ओल्या फडक्याच्या पट्ट्या पायांना गुंडाळल्यासुद्धा होत्या. वरून वहिनींची इस्त्री फिरायला लागली. टेबलाच्या पायांना इस्त्री होताना बघून एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "श्रीमंती आहे बाबा."

वाफ निघाली. सरसाचा तो जुना घाण वास आला, आणि त्याच्यामागून, लाकूड तापल्यावर, अगदी पुसट गुलाबाचा. दोघाही भावांनी एकाच वेळी नाक वर केलं आणि एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

"हं, ठोका," बायको म्हणाली.

धाकट्यांनी लाकडी हातोडा घेतला आणि पाठीवर थोपटावं तसा पायावर मारला. मग लोकलाजेस्तव जरा जोरात. मग थोरल्यांकडे न बघता आणखी जोरात. पाय जागचा हलला नाही. हलणार नव्हताच. सरस आत विरघळून पार पाणी झाला असता तरी खुंटीनं पाय सोडला नसता.

"बाई गं!" वहिनी म्हणाल्या. "सरस आहे की काय हा! मानलं बाई तुम्हाला, भाऊजी."

धाकट्यांचा असा जाहीर विजय पूर्वी कधी झाला नव्हता, आणि त्यांना इतकं कसनुसं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी चोरून खिडकीकडे पाहिलं. थोरले कुत्सित हसतील, निदान खाकरतील अशी त्यांची खात्री होती. थोरले छताकडे बघत होते.

"आता बाबा, तुमचं टोक," पुतणी म्हणाली. "तुमच्या तर खुंट्या दिसतातच. ठोकून बाहेर काढल्या की पाय मोकळा."

थोरल्यांनी चार ठोक्यांत खुंट्या काढल्या आणि खिशात टाकल्या. हात अजून नेमका होता. मग पायावर हातोडा मारला. मग जोरात. पाय ढिम्म.

धाकट्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. खुंटी नाही, सरस नाही, मग पाय कशावर उभाय? नुसत्या हट्टावर?

"इकडे पण इस्त्री फिरवूया का?" त्यांची बायको म्हणाली.

"कशाला?" थोरले एकदम म्हणाले. आवाज जरा चढाच निघाला. "इथं सरस आहे कुठं? उगाच पॉलिश जाईल. मुरलंय लाकूड. शिसवी आहे ती. मुरते."

"मुरते, मुरते," धाकटे म्हणाले. आपण दादाच्या बोलण्याला दुजोरा दिला हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"करवत लावा मग," म्होरक्या म्हणाला. "मधून दोन तुकडे. तिकडं जाऊन जोडा."

यावर दोन्ही भाऊ इतक्या एकसुरात "हात लावशील तर!" म्हणाले की म्होरक्या अंगणात जाऊन बसला.

पुतणी मात्र धंद्यानं असल्या पेचाला सरावलेली होती. तिनं पर्समधून बारीक टॉर्च आणि दांडीचा छोटा गोल आरसा काढला, ओढणी कमरेला खोचली आणि दाराकडच्या टोकाखाली पाठीवर पसरली.

"काका, जरा खाली या."

धाकटे गुडघे वाजवत खाली बसले. टेबलाखाली काळोख आणि थंडावा होता. आरसा पायाच्या आतल्या अंगाशी थांबला होता.

"हे कुणी भरलंय?" ती हळूच म्हणाली.

"कुठं काय? गाठ असेल लाकडाची."

"काका, मी रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडात बघते. भरलेला दात मला कळतो. छान भरलाय. आत काय आहे?"

धाकट्यांनी बुचावर अंगठा दाबून धरला. तिनं आरसा ओढणीला पुसला आणि तशीच पाठीवर सरकत सरकत खिडकीकडच्या टोकाला गेली. तिथं ती बराच वेळ होती. मध्येच टेबलाखालून एक चमत्कारिक आवाज आला. शिंक होती की हसू, ते कळलं नाही. थोरले बोटांनी खिडकीचे गज मोजत असल्यासारखे उभे होते.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा अगदी दवाखान्यातला होता.

"निघणार नाहीत," ती म्हणाली. "दोन्हीकडची मुळं खोल गेलीत. ओढाताण केली तर जबडा फुटेल. टेबल आहे तसंच राहू दे. दार मोठं करा."

"दार?"

"चौकट काढा. चार-चार बोटं दोन्ही बाजूंना मिळतील."

चौकट अप्पांची होती. ओंडक्याच्या आधीच्या ओंडक्याची, शिसवीचीच. इतक्या पाठींनी घासून घासून खांद्याच्या उंचीला काचेसारखी झालेली. चौकट काढायची म्हणजे दोन माणसं लागणार, आणि काम तीन शब्दांत मावणार नव्हतं. धाकटे हत्यारांची पिशवी घेऊन आले. थोरल्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"धर," थोरले म्हणाले.

थोरल्यांनी पुढं केलेली पटाशी धाकट्यांनी धरली. त्यांनी पटाशीनं कडेचा गिलावा सोडवला. पटाशी एकदा अडली, दुसऱ्यांदा अडली. थोरले काही वेळ तोंड मिटून बघत राहिले, पण सुताराला दुसऱ्याची चुकलेली पटाशी बघवत नाही, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना.

"तिरकी धर रे, तिरकी! आत लोखंडी पट्टी असेल," ते म्हणाले, आणि दचकले.

अंगणात बसलेल्या दोघी जावा चहाचे कप हातात धरून तशाच थांबल्या.

"कुठल्या उंचीला असेल, दादा?" धाकटे पटाशीकडे बघत म्हणाले.

"गुडघ्याच्या वर. अप्पा तिथंच घालायचे."

पट्टी तिथंच होती. वरचा कोपरा सोडवायचा म्हणून आधी खुंटी काढली. कोपरा सुटला नाही. थोरल्यांनी नाक जवळ नेलं, नखानं खरवडलं, आणि नखाखाली आलेलं पिवळट काहीतरी बराच वेळ बघत राहिले.

"सरस आहे," ते म्हणाले.

"अप्पांनी सरस लावला?"

"खुंटी मारून वर सरस लावलाय."

धाकट्यांना मोठ्यानं हसावंसं वाटलं, पण त्यांनी आवरलं. हसायचं तर आधी आपल्या टोकाखालच्या बुचाला हसावं लागलं असतं. इस्त्री पुन्हा आली. ओली फडकी, वाफ, तोच वास. सरस सुटला. कोपरा तरी सुटेना.

"आणखी काय केलंय म्हाताऱ्यानं?" थोरले म्हणाले.

पुतणीनं न सांगता आरसा पुढं केला. आता तो दोघा भावांनी मिळून धरला, एकानं टॉर्च, एकानं आरसा. चौकटीच्या वरच्या अंगाला, जिथं उभ्या माणसाची नजर कधीच पोचत नाही तिथं, लाखेचा काळा ठिपका होता. धाकट्यांनी पटाशीच्या टोकानं लाख उडवली. आत लोखंड होतं.

खिळा.

दोघेही स्टुलांवर उभे होते. धाकट्यांनी बोटानं खिळ्याभोवतीची कड चाचपली.

"आधी गिरमिटानं भोक पाडलंय," धाकटे शेवटी म्हणाले. "नाहीतर शिसवीत एवढा खिळा जातोय कसला. वाकला असता, नाहीतर लाकूड तडकलं असतं."

"सरळ गेलाय."

"हो ना. हात चांगला होता अप्पांचा."

"डोकं बुडवून वर लाख भरलीय," थोरले म्हणाले. "खुंटी, सरस, खिळा. आणि आपल्याला आयुष्यभर बोट वर करून सांगितलं." आणि ते हसायला लागले. स्टूल डुगडुगलं. "सावकाश!" धाकटे ओरडले आणि त्यांनी दादाचा दंड धरला. मग दोन्ही स्टुलं डुगडुगली.

"काय झालं हो?" अंगणातून वहिनींनी विचारलं.

"काही नाही," दोघे एकदम म्हणाले.

खिळा काढायच्या भरीला ते पडले नाहीत. पट्ट्या कापून आख्खी चौकटच भिंतीतून ओढून अंगणात आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. भिंतीला पडलेल्या भगदाडातून टेबल बाहेर आलं; हमालांनी त्या लाकडाच्या वजनाबद्दल वाटेत जे उद्गार काढले ते अप्पांनी कौतुक म्हणून घेतले असते. अंगणात ते उन्हात उलटं ठेवलं, चारी पाय हवेत. इतक्या वर्षांत त्या टेबलाची खालची बाजू पहिल्यांदाच उजेडात आली होती. बायका आत आवराआवर करत होत्या. दोघे भाऊ टेबलाभोवती उगाच फिरत राहिले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, आणि फिरता फिरता प्रत्येकजण दुसऱ्याच्या टोकाशी येऊन थांबला.

"कुठल्या लाकडाची घातलीस?" थोरले म्हणाले.

"काय?"

"खुंटी."

धाकट्यांनी घसा साफ केला. "शिसवीचीच. बुचासकट."

"रेषा चांगली जुळवलीस. मला सापडायला बरीच वर्षं लागली."

"तुला माहीत होतं?"

"मोठीचं खोडरबर पडलं होतं टेबलाखाली. तेव्हा दिसलं."

"मोठी शाळेत होती तेव्हा! मग बोलला का नाहीस?"

"'धर', 'सोड' आणि 'सावकाश' यांत कसं बसवायचं ते?"

धाकट्यांनी खाली वाकून दादाच्या सांध्याकडे पाहिलं. कुसवाच्या कडेनं सुकलेल्या सरसाचे बारीक मणी ओळीनं बसले होते, दातांवर किटण बसतं तसे. खुंटीवर पूर्ण विश्वास असलेल्या माणसाच्या मानानं सरस सढळ हातानं लावला होता.

"स्पिरिटनं पुसून घेतलं होतंस ना, लावायच्या आधी?" त्यांनी विचारलं.

थोरल्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दोनदा."

"मग धरणारच."

"धरणारच."

"घरात नको बोलूया," धाकटे म्हणाले.

"छे, छे. त्यांना काय करायचंय."

थोरल्यांनी खिशातून आपल्या खुंट्या काढल्या, जिथल्या तिथं बोटांनी बसवल्या आणि हातोडा धाकट्यांकडे दिला. धाकट्यांनी त्या ठोकल्या. थोरल्यांनी खुंटीवर अंगठा फिरवून बघितला आणि मान हलवली. ही मान त्यांनी एरवी फक्त स्वतःच्या कामासमोर हलवलेली होती.

टेबल ट्रकमध्ये चढलं. पलंग, कपाट, डबे चढले. वहिनी पुतणीच्या गाडीत बसल्या आणि जावेचा हात त्यांना खिडकीतून सोडवेना. थोरले ट्रकच्या मागच्या बाजूला टेबलाजवळ बसणार होते. टेबल एकटं पाठवायला त्यांनी साफ नकार दिला होता. ट्रक सुरू झाला. धाकटे अंगणाच्या फाटकाशी उभे राहिले. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते त्यांना आठवेना. सवय गेली होती. हवापाणी बोलावं म्हणून त्यांनी वर पाहिलं, पण आभाळात बोलण्यासारखं काही नव्हतं. मग नजर भिंतीतल्या भगदाडाकडे गेली, तिथून टेकवलेल्या चौकटीकडे गेली, आणि ते एकदम गाडीकडे धावले. धावणं म्हणजे गुडघ्यांनी जेवढं दिलं तेवढं.

"अगं मोठे! तुझ्या घरचं दार किती रुंद आहे?"

पुतणीनं काच खाली केली. "दार? बाबांनी विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्ही घेतलं असेल माप."

धाकट्यांनी ट्रकमधल्या थोरल्यांकडे पाहिलं.

"मला वाटलं, यानं घेतलं असेल," थोरले म्हणाले.

"मी कसा घेणार? मी कधी गेलोय तिकडे?"

"मग विचारायचं!"

"कुणाला विचारायचं? बोलत होतास का तू?"

"तूही बोलत नव्हतास!"

"काय झालं आता?" गाडीच्या खिडकीशी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली.

"काही नाही," धाकटे म्हणाले. "माझे दोन शर्ट दे पिशवीत. आणि भिंतीला पडदा लाव तोपर्यंत. तिकडची चौकट काढावी लागणार बहुतेक, आणि दादाच्या एकट्याच्यानं पटाशी सरळ धरवणार नाही."

"तिरकी!" ट्रकमधून आवाज आला. "तिरकी धरायची असते!"

बायकोनं जावेकडे पाहिलं. वहिनींनी गाडीतूनच हात हलवला, म्हणजे दे बाई शर्ट.

हत्यारांची पिशवी आधी वर गेली, मग शर्टांची. ट्रकचं फळकूट चांगलं उंच होतं. थोरल्यांनी एक हात टेबलाच्या पायाला गुंडाळला, कुणाच्या टोकाच्या ते त्यांनी बघितलं नाही, आणि दुसरा खाली केला.

"धर," ते म्हणाले.